शीव कुठवर? एका टोल्याच्या सामूहिक वनहक्क दाव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पूर्व विदर्भातल्या एका टोल्याचं आहे. गावाचं, माणसांचं, ऑफिसांचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण यातला एक विषय अजून निकाली निघालेला नाही आणि तिथल्या लोकांना त्याच टेबलांपुढं पुन्हा पुन्हा जावं लागतं. मी यात सुरुवातीपासून सोबत होतो, कागद लिहायला, जीपीएस धरायला आणि बराचसा वेळ नुसतं ऐकायला.

टोला म्हणजे पन्नासेक घरं. बहुतेक गोंड, पाच-सहा घरं ढिवरांची, जे बोडीवर म्हणजे लहान तळ्यावर आणि नाल्यावर मासे धरतात. धानाचं एकच पीक, ते झालं की उरलेलं वर्ष जंगलावर. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, मग टोळ म्हणजे मोहाची फळं, पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोंब आणि सात्या म्हणजे रानातली अळंबी, हिवाळ्यात बांबू. हे सगळं आजोबा-पणजोबांपासून चालू आहे पण कागदावर ते जंगल गावाचं कधीच नव्हतं, गार्ड चांगला असला तर बैल सुटतात आणि नवा आला की कुऱ्हाड जप्त होते, अशी एकूण परिस्थिती.

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. बाहेर बहुतेकांना वाटतं की हा कायदा म्हणजे अतिक्रमणाच्या जमिनीचे पट्टे. तो एक भाग झाला. कलम ३ (१) मध्ये निस्तार आहे, म्हणजे सरपण-चाऱ्यासारख्या घरगुती गरजा जंगलातून भागवायचा हक्क, गौण वनोपजाची मालकी आहे, चराई आणि मासे-पाणी आहे, आणि त्याच कलमातला (झ) म्हणजे इंग्रजी प्रतीतला ‘आय’, ज्यात गाव परंपरेनं ज्या जंगलाची राखण करत आलंय ते राखायचा, वाढवायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला आहे. यालाच सगळे सीएफआर (कम्युनिटी फॉरेस्ट रिसोर्स, सामूहिक वनसंसाधन हक्क) म्हणतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ला १,८०९ हेक्टरवर हा हक्क २००९ मध्येच मिळाला होता, आणि तरी स्वतःच्या बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात पडायला एप्रिल २०११ उजाडला. आमच्या टोल्यातल्या दोन-तीन पोरांनी तिथं जाऊन हे स्वतः ऐकलेलं होतं. तिथून सगळं सुरू झालं.

अडचण नेमकी कुठं होती

पहिली अडचण अशी की टोल्याची ग्रामसभाच नव्हती. चार गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत, आणि २००८ मध्ये पंचायतीच्या पातळीवर एकच वनहक्क समिती कागदावर तयार झालेली. त्या समितीत टोल्यातले दोन जण होते, त्यातल्या एकाला आपण सदस्य आहोत हे आम्ही रजिस्टर दाखवल्यावर कळलं.

दुसरी, वैयक्तिक दाव्यांचा अनुभव वाईट. २००९ च्या सुमारास बऱ्याच घरांनी फॉर्म भरले, काहींना पट्टे भेटले पण कसत असलेल्या जमिनीच्या निम्मेच, काहींच्या फाईलचं काय झालं ते कुणी सांगत नव्हतं. त्यामुळं पहिल्याच बैठकीत एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “आधीचे कागद कुठं गेले ते सांग, मंग नवीनवर अंगठा मारतो.” माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात तालुक्याला जाऊन जुन्या दाव्यांची यादी आणली, कुणाचं कुठं अडकलंय ते घरोघरी जाऊन सांगितलं, आणि मग लोक ऐकायला बसले.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी निघाली आणि ती सरकारी नव्हतीच. उत्तरेकडच्या शेजारच्या गावाशी शीव ठरलेली नव्हती. म्हणजे दोन्ही गावांच्या डोक्यात ती ठरलेली होती, पण वेगवेगळी.

कुणाची ग्रामसभा

इथं पहिला निर्णय घ्यायचा होता. एक रस्ता असा की पंचायतीच्याच ग्रामसभेतून चारही गावांचा एक मोठा दावा करायचा. काम पटकन झालं असतं, ग्रामसेवक तयार होता, सही-शिक्के एका जागी. दुसरा रस्ता म्हणजे टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा आणि स्वतंत्र समिती. कायद्यातल्या गावाच्या व्याख्येत पाडे-टोले येतातच, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये नियम सुधारले तेव्हा पंचायतीनं आपल्या हद्दीतल्या पाड्यांची आणि वस्त्यांची यादी करून ती त्या-त्या वस्तीच्या ग्रामसभेत मंजूर करून घ्यायची, अशी स्पष्ट तरतूद आली. आम्ही कामाला लागलो तो त्याच्या पुढचाच उन्हाळा होता.

लोकांनी दुसरा रस्ता निवडला. मी खरं सांगतो, माझं मत तेव्हा पहिल्या रस्त्याकडं झुकलेलं होतं, मला वाटायचं आधी हक्क पदरात पडू दे, वाटणी नंतर बघू. भूमियाबाबांनी, म्हणजे गावाची देवकार्यं बघणाऱ्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं, एवढंच विचारलं की तेंदूचे पैसे पंचायतीच्या खात्यात आले तर ते कुणाच्या गावात खर्च होतील? त्यावर कुणालाच बोलायला काही उरलं नाही.

त्याची किंमत आठ महिने. यादी, ठराव, प्रांत ऑफिसला पत्र, स्मरणपत्र. त्यात कोरम. सुधारित नियमात ग्रामसभेला निम्मे सदस्य आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बायका लागतात. पहिली सभा आम्ही ऐन रोवणीत, धानाच्या लावणीत ठेवली, सकाळी अकराला! बांधावरून कोण येणार. सभा झालीच नाही. मग रात्री आठला, जेवणं उरकल्यावर ठेवली आणि घरं भरून आली. तेव्हापासून टोल्याच्या सगळ्या सभा रात्रीच होतात.

समिती पंधरा जणांची केली. नियमात किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक-तृतीयांश बायका हव्यात, आम्ही सात बायका घेतल्या आणि ढिवरांचा एक माणूस. यावरून एक छोटा पेच झाला होता. तालुक्याच्या एका ऑफिसात सांगितलं गेलं की ढिवर आदिवासी नाहीत म्हणून त्यांचा ७५ वर्षांचा पुरावा लावा नाहीतर सगळा दावाच परत येईल. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं ही अट इतर पारंपरिक वननिवासींसाठी आहे हे खरं, पण सीएफआरचा दावा ग्रामसभेचा असतो आणि ढिवर त्या ग्रामसभेचे सदस्य आहेतच. काही लोक म्हणाले त्यांची नावं तात्पुरती बाजूला ठेवू. ते झालं नाही याचं मला आजही समाधान वाटतं. उलट त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यानं नाल्यातले डोह नावानिशी सांगितले, आणि नकाशावर त्या डोहांच्या खुणा सगळ्यात पक्क्या ठरल्या.

पुरावे गोळा करताना

नियम १३ प्रमाणे एकापेक्षा जास्त पुरावे पुरतात. ऑफिसं मात्र जाडी फाईल बघतात, म्हणून आम्ही मिळेल ते जोडलं. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून निस्तार पत्रकाची, म्हणजे गावाच्या निस्तार हक्कांच्या जुन्या सरकारी नोंदीची नक्कल काढली. आमच्याकडं जुन्या मध्य प्रांतामुळं निस्तार पत्रक असतं, हे आपलं मोठं बळ आहे. पुढं म्हाताऱ्यांचे जबाब, जुन्या वस्तीच्या जागेवरची आंब्याची झाडं आणि जात्याचे तुकडे, पेनठाणा म्हणजे गोंडांच्या देवाचं ठाणं, मसणवट, गुरांच्या वाटा.

सगळ्यात कामाचा पुरावा एका विधवा बाईच्या पत्र्याच्या पेटीत सापडला. दंडाच्या पावत्या. नवऱ्यानं कधीकाळी चराईसाठी, लाकडासाठी भरलेल्या, त्यावर तारीख आणि जागेचं नाव. ती त्या लाजेनं लपवून ठेवायची, कारण तिला वाटायचं हा गुन्ह्याचा कागद. आम्ही तिला सांगितलं की बाई, तुमचं गाव त्या जंगलात कधीपासून जातंय हे खात्यानं स्वतःच लिहून दिलंय. ती पेटी पुढं सभेत सगळ्यांसमोर उघडली आणि मग अजून चार घरांतून पावत्या निघाल्या.

उपग्रहाच्या फोटोबद्दल इथंच सांगतो. जिथं-तिथं विचारतात, गुगलवर दिसतंय का? नियमात स्पष्ट आहे की उपग्रहाचं चित्र बाकी पुराव्यांना जोड म्हणून वापरायचं, त्यांच्या जागी नाही. हे वाक्य झेरॉक्स काढून फाईलच्या पहिल्या पानामागं लावलं होतं आणि दोनदा उपयोगी पडलं.

शिवेचा वाद

आता मुख्य गोष्ट. टोल्याच्या उत्तरेला एक पहाडी आणि तिच्या पलीकडं नाला. आमचे लोक म्हणायचे शीव नाल्यावर. शेजारचं गाव म्हणायचं शीव पहाडीच्या माथ्यावर. मधला पट्टा म्हणजे जंगलाचा एक अख्खा कक्ष (वनखात्यानं नंबर देऊन पाडलेला भाग) आणि दुसऱ्या कक्षाचा तुकडा, त्यात दाट मोह आणि चांगला बांबू. आणि गुंता असा की त्या पट्ट्यात शेजारच्या गावातल्या एका कुळाचं पेनठाणा होतं, आणि काही मोहाची झाडं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या ठराविक घरांची म्हणून ओळखली जायची. आमच्या गावातले लोक त्या झाडांखालची फुलं वेचत नव्हते. म्हणजे जागा आमची म्हणायची आणि झाडं त्यांची मानायची, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. आपल्या सातबाराच्या डोक्याला हे पचत नाही.

पर्याय चार निघाले, रात्रीच्या तीन सभांमधून.

नाल्यापर्यंत दावा करायचा आणि वाद झाला तर ग्रामसभेच्या वर दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीला ठरवू द्यायचं. तरुण पोरांचा कल याकडं होता.

पहाडीपर्यंतच दावा करायचा, वादाचा पट्टा सोडून द्यायचा. दोन-तीन म्हातारे याच्या बाजूनं, त्यांचं म्हणणं नातं तुटण्यापेक्षा बांबू गेलेला बरा.

दोन्ही गावांचा मिळून एकच दावा. हे मी सुचवलं होतं आणि ते कुणालाच पटलं नाही. बरोबरच होतं, एका गावाचा ठराव दुसऱ्या गावाच्या सभेवर अडकून राहिला असता.

चौथा पर्याय असा की दोन्ही समित्यांनी एकत्र बसून शीव आणि वापर वेगवेगळे लिहायचे. नियम १२ मध्ये तसं आहेच, दोन गावांचे दावे एकमेकांवर येत असतील तर दोन्ही वनहक्क समित्यांनी संयुक्त बैठक घेऊन कोण काय वापर करतं ते बघायचं आणि लेखी द्यायचं, आणि नाहीच जमलं तर वर पाठवायचं.

चौथ्यावर ठरलं, पण ठरवणं सोपं आणि बसणं अवघड. पहिली संयुक्त बैठक पूर्ण फसली. आम्ही ती पंचायतीच्या हॉलमध्ये घेतली, टेबलावर कक्षांचा नकाशा पसरला, आणि नकाशा बघताच दोन्हीकडची माणसं त्या रेघांवरून भांडायला लागली, ज्या रेघा त्यांच्यापैकी कुणीच कधी आखल्या नव्हत्या. एकजण उठून गेला. त्यानंतर दोन महिने बोलणं बंद.

वाट निघाली ती बायकांमुळं. टोल्यातल्या कितीतरी मुली त्या गावात दिलेल्या आणि तिकडच्या इकडं आलेल्या. मोहाच्या हंगामात पहाटे त्या त्याच पट्ट्यात भेटतात. समितीतल्या एका बाईनं सभेत सांगितलं, “नकाशा ठेवा घरी, आमी दोनी गावच्या बाया झाडं दाखवतो.” मग एप्रिलमध्ये चार दिवस शिवारफेरी झाली. दोन्ही गावचे भूमिया, दोन्ही समित्यांच्या बायका, दोन-चार पोरं आणि मी. रोज पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत. प्रत्येक झाडापाशी, डोहापाशी, दगडापाशी थांबून विचारायचं की हे नाव काय, इथं कोण येतं, कशाला येतं, बंदी कधी असते. नावं गोंडीतच लिहून घेतली. मी जीपीएसवर फक्त बिंदू घेत होतो, रेघ आखत नव्हतो, आणि हे भूमियाबाबांनी घातलेलं बंधन होतं.

चौथ्या दिवशी पेनठाण्यापाशी बसूनच तोडगा निघाला. व्यवस्थापनाची शीव नाल्यावर, म्हणजे राखण, आग विझवणं, बांबूचं नियोजन आमच्या टोल्याकडं. पण पेनठाणा आणि त्याच्या भोवतीची झाडी त्या कुळाची, तिथं आमचाही कुणी कुऱ्हाड लावणार नाही. मोहाची ती ठराविक झाडं त्यांच्या घरांचीच. नाल्याचं पाणी आणि मासे दोघांचे. हे सगळं दोन्ही ग्रामसभांच्या रजिस्टरमध्ये एकाच शब्दांत लिहिलं आणि दोन्हीकडच्या समित्यांनी दोन्ही रजिस्टरवर सह्या-अंगठे केले.

दाव्याचा प्रवास

पडताळणीच्या वेळी वन आणि महसूलच्या माणसांनी हजर राहायचं असतं. लेखी कळवूनही पहिल्या तारखेला कुणी आलं नाही. इथं परत दोन मतं. नियमात असं आहे की गैरहजेरीच्या कारणावरून त्यांनी नंतर हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडं परत येतो, आणि कळवूनही ते पुन्हा आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. म्हणजे हरकतीचा धोका पत्करून आम्ही एकटे पडताळणी करून पुढं जाऊ शकत होतो. पण ग्रामसभेनं ठरवलं की अजून एक तारीख देऊ. दुसऱ्या तारखेला बीट गार्ड आणि तलाठी दोघं आले, दिवसभर आमच्याबरोबर फिरले, पेनठाण्यापाशी चपला काढून उभे राहिले आणि पंचनाम्यावर सह्या केल्या. तीन आठवडे गेले, पण त्या दोन सह्यांमुळं पुढं उपविभागीय समितीत फाईल फारशी अडली नाही. माझ्या मते हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

दावा दाखल करताना प्रत्येक पानाची पोच घेतली. नुसत्या कव्हरिंग लेटरवर आवक शिक्का घेऊन चालत नाही, आत काय होतं हे नंतर सिद्ध करता येत नाही.

पुढं दीड वर्ष. उपविभागीय समितीनं एकदा त्रुटी काढून फाईल परत पाठवली, ते ठीकच, नियमाप्रमाणे थेट फेटाळण्यापेक्षा फेरविचाराला पाठवणं योग्य. मग जिल्हा समिती. मग एक दिवस निरोप आला की पट्टा तयार आहे, अमुक तारखेला कार्यक्रम आहे, या.

पट्टा हातात आला तेव्हा

कार्यक्रमात हार, भाषणं, फोटो. पट्टा मंचावर दिला गेला आणि आम्ही तो परत येताना जीपमध्ये उघडून वाचला. हीच आमची मोठी चूक.

दोन गोष्टी निघाल्या. एक, सीएफआरच्या पट्ट्याचा जो नमुना २०१२ च्या नियमांना जोडलेला आहे त्यात स्पष्ट वाक्य आहे की कायदा आणि नियमांत आहेत त्यापलीकडं कुठलीही अट या हक्कावर घातलेली नाही. आमच्या पट्ट्याला मात्र अटींचं एक वेगळं पान जोडलेलं होतं, त्यात व्यवस्थापन खात्याच्या आराखड्याप्रमाणं करायचं वगैरे. दुसरं जास्त जिव्हारी लागणारं. नाल्याकडचा तो कक्षाचा तुकडा, ज्यासाठी चार दिवस फिरलो, तो क्षेत्रात नव्हताच.

कारण शोधलं तेव्हा कळलं की कक्षांचे नंबर मधल्या काळात बदललेले होते. आम्ही फॉर्ममध्ये जुन्या नकाशावरचा नंबर लिहिला, तो नवीन यादीत भलत्याच ठिकाणी येत होता, म्हणून कुणीतरी तो सरळ गाळला. आमच्याच फाईलमधला जीपीएस नकाशा आणि फॉर्ममधला नंबर एकमेकांशी जुळत नव्हते आणि हे तपासायचं काम माझं होतं. मी ते केलं नव्हतं.

त्या रात्रीची सभा फार जड गेली. पोरं म्हणाली पट्टा परत करू, घेतला तर मान्य केल्यासारखं होईल. बायका म्हणाल्या तेंदू तीन महिन्यांवर आलाय, पट्टा नसला तर या वर्षीही ठेकेदाराच्या दारात उभं राहायचं का? जिल्हा समितीचा निर्णय कायद्यानं अंतिम असतो, हे पण डोक्यावर होतं. शेवटी असं ठरलं की पट्टा ठेवायचा, पण लगेच लेखी हरकत द्यायची, क्षेत्र का कमी केलं त्याची कारणं मागायची आणि दुरुस्तीचा अर्ज करायचा, कारण दावा बदलला किंवा कमी केला तर कारणं लिहून कळवणं समितीवर बंधनकारक आहे. अर्ज दिला. त्याची पोच मात्र त्या दिवशी मिळाली नाही, साहेब नाहीत म्हणून ठेवून जा म्हणाले, आम्ही ठेवून आलो. अकरा दिवसांनी पोच मिळाली, तीही तिसऱ्या फेरीत.

आणि एक काम होतं जे सगळ्यात अवघड होतं, शेजारच्या गावाला जाऊन सांगणं. त्यांना वाटू शकत होतं की आम्हीच काहीतरी खेळ केला. तीन बायका आणि भूमियाबाबा पट्ट्याची झेरॉक्स घेऊन गेले आणि सगळं जसंच्या तसं सांगून आले. त्यांच्या ग्रामसभेनं मग आमच्या दुरुस्तीच्या अर्जाला पाठिंब्याचा ठराव दिला. हा ठराव आजपर्यंतच्या फाईलमधला सगळ्यात वजनदार कागद आहे असं मला वाटतं.

तेंदूचा पहिला हंगाम

इथं थोडक्यात सांगतो, कारण हा वेगळा मोठा विषय आहे. तेंदूचा पुडा ७० पानांचा, हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. एकट्या टोल्याचा माल एवढा थोडा की लिलावाला कुणी मोठा व्यापारी येत नाही. म्हणून आसपासच्या पाच ग्रामसभांनी मिळून जाहिरात दिली, दर बरा मिळाला, मजुरी वेळेवर वाटली गेली. वाहतूक परवाने ग्रामसभेच्या समितीनं स्वतः दिले, २०१२ च्या नियमांनी तो अधिकार ग्रामसभेकडं आहे. खात्यावर तीन सह्या ठेवल्या, त्यातल्या दोन बायकांच्या.

पण रॉयल्टीची शेवटची रक्कम व्यापाऱ्यानं सात महिने लटकवली. करारात अनामत रक्कम फार कमी ठेवली होती, घाईत. पुढच्या वर्षी माल उचलायच्या आधी किती टक्के जमा हवेत हे करारात आधी लिहिलं आणि मगच सही केली.

सभेत एका बाईनं चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा विषय काढला, त्यांनी जंगलाचं नुकसान होतं, फांद्या तोडल्या जातात, आगी लागतात म्हणून तेंदू तोडणंच बंद केलं. आपण पण करायचं का? यावर टोल्यात एकमत झालं नाही आणि मला वाटतं घाईनं व्हायलाही नको, कारण कित्येक घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न म्हणजे तेंदूच. तडजोड अशी झाली की झाड तोडून पान काढायचं नाही, मोहाखाली आग लावायची नाही, आणि पेनठाण्याच्या बाजूचं जंगल सोडून द्यायचं. आग न लावता मोहाखालची जागा झाडूनच साफ करायची, हे काम वाढतं, बायकांनी ते अंगावर घेतलं.

आजची स्थिती

पट्टा आहे. व्यवस्थापन समिती आहे, तिचा आराखडा लोकांनी स्वतः बसून केला, त्यात कुठल्या वर्षी कुठला बांबू काढायचा ते भूमियाबाबांच्या सांगण्यावरून लिहिलंय. रोजगार हमीतून जंगलात दगडी बांध आणि बोडीचं खोलीकरण झालं. गार्ड आणि गाव यांच्यातलं बोलणं बदललं, पूर्वी ते वरून यायचं, आता तो गस्तीला जाताना टोल्यात निरोप देतो. अटींचं पान अजून पट्ट्याला जोडलेलंच आहे, पण ते काढून टाका असा ग्रामसभेचा ठराव दरवर्षी जातो.

दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित आहे. वादाच्या त्या तुकड्याची राखण तरीही टोलाच करतो, उन्हाळ्यात आग लागली तेव्हा दोन्ही गावची माणसं विझवायला गेली.

काय वेगळं करता आलं असतं

कक्षांचे नंबर. दावा भरायच्या आधी जुना आणि चालू असे दोन्ही नकाशे मागून घ्यायचे, दोन्ही नंबर फॉर्ममध्ये लिहायचे, आणि सोबत चतुःसीमा शब्दांत लिहायची, अमुक नाला, अमुक दगड, अमुक डोह. नंबर बदलतो, नाला बदलत नाही. आमच्याकडं गोंडी नावांची पूर्ण वही होती आणि आम्ही ती परिशिष्टात टाकली, फॉर्मच्या मुख्य पानावर टाकायला हवी होती.

पट्टा घ्यायच्या आधी वाचायला मागायचा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एक माणूस ऑफिसात जाऊन प्रत बघून आला असता तर कदाचित तिथंच दुरुस्ती झाली असती. आता आम्ही आसपासच्या ज्या गावांना मदत करतो तिथं हे पहिलं सांगतो, नियमातला नमुना हातात घेऊन ओळ-न्‌-ओळ जुळवा, मगच मंचावर चढा.

शेजारच्या गावाकडं आपण दावा लिहायला बसायच्याही आधी जायला हवं होतं. आम्ही गेलो तेव्हा त्यांना तालुक्यातून आधीच कळलेलं होतं की टोला दावा करतोय, आणि पहिल्या बैठकीतला अर्धा राग त्याचाच होता. आणि ती बैठक हॉलमध्ये, नकाशासमोर घ्यायला नको होती.

वैयक्तिक दाव्यांचं पण सोबतच बघायला हवं होतं. आम्ही यादी आणून दाखवली पण पाठपुरावा सीएफआरच्या धावपळीत मागं पडला. पहिल्या बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईचं प्रकरण अजून अडकलेलं आहे. तिनं सीएफआरच्या प्रत्येक कागदावर अंगठा दिला, एकही सभा चुकवली नाही. मागच्या महिन्यात तिच्या फेरविचाराच्या अर्जाला जुन्या पेटीतल्या पावत्यांच्या नकला जोडल्या, निस्तार पत्रकाची नक्कल जोडली, दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडले आणि प्रत्येक पानावर आवक शिक्का घेतला. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे, समितीतल्या दोन बायका तिच्यासोबत जाणार आहेत.